मास्तरांनी उघडून ठेवलेली गाडी

माझ्या गोष्टींना तिखटमीठ लावलेलं असतं, हे आमच्या नात्यात सगळ्यांना माहीत आहे. मलाही माहीत आहे.

या गोष्टीला मी काहीही लावलेलं नाही.

लावायची हिंमतच झाली नाही.

भुताची गोष्ट म्हटलं की लोक रात्र मागतात. ही दुपारची आहे. रविवार, साडेतीनची वेळ. घराच्या मागच्या अंगाला पत्र्याची शेड, चार पावलं रुंद आणि सहा पावलं लांब. ऊन असं, की पत्रा हाताला चटका देईल. त्या पत्र्यावर कबुतरांच्या नखांची टकटक. आणि शेडच्या मधोमध विटांवर चढवलेली, पोट उघडं टाकलेली एक मोटारसायकल.

जे घडलं, ते तिथेच घडलं. माझ्या धाकट्या मावसबहिणीच्या बाबतीत.

तिला आम्ही सुईताई म्हणतो. घरी शिवणकाम करते. तिच्या हातचा काजा बघून लोक शर्ट उलटा घालायला तयार व्हावेत, इतका हात साफ. तिचा नवरा शाळेत गणित शिकवायचा. त्याला घरीदारी सगळे मास्तरच म्हणत. सुईताई तेवढी 'अहो' म्हणायची.

मास्तरांची शिकवायची एक तऱ्हा होती. ओरडायचे नाहीत, मारायचे नाहीत. पोरगं गणित सोडवत असलं की त्याच्या मागे, डाव्या खांद्याशी, हात पाठीला बांधून उभे राहायचे. पायरी चुकली की जीभ टाळ्याला लावून बारीक आवाज काढायचे.

च्च.

बस, एवढंच. बरोबर काय ते सांगायचे नाहीत. पोरगं खोडायचं, पुन्हा लिहायचं. पुन्हा च्च. पुन्हा खोडायचं. आवाज आला नाही की समजायचं, जमलं. आणि एखाद्यानं टवाळी म्हणून मुद्दाम चुकीचं लिहिलं, तर मास्तर त्याच्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. खिडकीबाहेर बघत राहायचे. त्या गप्प बसण्यापुढे छडी परवडली, असं त्यांचे विद्यार्थी अजून सांगतात.

दुसऱ्याची चूक अशी चटकन हेरणारा हा माणूस, स्वतःची मोटारसायकल मात्र दर रविवारी उघडायचा आणि दर रविवारी घोळ घालायचा.

एकदा इंजिनातलं जुनं ऑईल काढलं, नवीन ओतलं आणि खालचा बोल्ट लावायचाच विसरले. सगळं ऑईल वरून आत, खालून बाहेर, चपलांवर. एकदा मागचं चाक इतकं आवळलं, की गाडी ढकलायला शेजारचे तिघे लागले. गाडी जोडून झाली की दोन-तीन नट हमखास उरायचे. ते एका डब्यात टाकत म्हणायचे, "कंपनी उगाच जास्तीचे लावते."

त्या रविवारी त्यांनी क्लच उघडला.

सकाळभर एका नटाशी झटापट चालली होती. तो निघाला तेव्हा जेवायची वेळ टळून गेली होती. जेवण अर्धवट टाकून, दंड चोळत ते म्हणाले, "जरा पडतो. साडेतीनला उठव. आज क्लच बसवूनच टाकतो."

साडेतीनला सुईताईनं दारातून हाक मारली.

मग जवळ जाऊन मारली.

मग मारलीच नाही.

चार महिने शेडचं दार कुणी उघडलं नाही. घरात ती एकटी. लेक नर्स, दुसऱ्या गावच्या हॉस्पिटलात, वसतिगृहावर राहायची. तिची बदली झाली डोंगराकडच्या एका दवाखान्यात. तिथे बस जात नव्हती. सगळे म्हणाले, स्कूटर घे. लेक म्हणाली, "मी बाबांचीच गाडी नेणार. तीन महिन्यांत हजर व्हायचंय. तेवढी उभी करून दे, आई."

सुईताईनं नाक्यावरच्या गॅरेजवाल्याला बोलावलं. त्यानं शेडमध्ये डोकावून पाहिलं. झाकणांमध्ये, वाट्यांमध्ये, शर्टच्या बटणांच्या डब्यांमध्ये सुटे भाग मांडलेले. सगळ्यावर धूळ. तो बराच वेळ मान खाजवत उभा राहिला.

"काकू, मास्तरांनी उघडलेलं आहे. हे म्हणजे त्यांच्याच अक्षरातली चिठ्ठी. दुसऱ्याला लागायची नाही."

"मग तुझं एवढं दुकान कशाला आहे?"

"दुकान आहे म्हणूनच सांगतो. त्यांचं किती निस्तरलंय मी. आठवतंय का, ब्रेक दाबला की हॉर्न वाजायचा? मी दुरुस्त करतो म्हटलं, तर म्हणाले, राहू दे, लोक आपोआप बाजूला होतात."

सुईताई हसली. चार महिन्यांत पहिल्यांदा. हसता हसताच तिचं तोंड वाकडं झालं, तसा गॅरेजवाला घाईघाईनं चपला घालू लागला.

"भंगारवाल्याला पाठवतो, काकू. उद्याच पाठवतो. डोळ्यांसमोर नको ते."

तो गेला. ती तिथेच राहिली.

रविवार होता. घड्याळ तिनं पाहिलं नव्हतं. मास्तर ज्या ठेंगण्या स्टुलावर बसायचे, त्यावर ती बसली. उद्या हे सगळं जाणार, तर एकदा हात लावून घ्यावा, एवढंच मनात होतं. समोरच्या वाटीत इंजिनाचा प्लग होता. तो कुठल्या भोकात जातो, हे तिनं शंभर वेळा पाहिलं होतं. तिनं तो पुसला. भोकात ठेवला. पाना लावला आणि फिरवला. जरा तिरका गेला. अडला. तिनं जोर लावला...

वर कबुतरं चालायची थांबली.

सगळी. एकदम.

आणि तिच्या डाव्या खांद्यामागे...

"च्च."

तिनं मागे पाहिलं नाही. आधी पाना खाली ठेवला. पदरानं तळहात पुसला. मग पाहिलं.

मागे भिंत होती. भिंतीवर खिळा. खिळ्याला मास्तरांचा कामाचा शर्ट, कोपरावर तिनंच ठिगळ लावलेला.

दुसरं काही नव्हतं.

"पाल असेल," ती मोठ्यानं म्हणाली. स्वतःलाच. पण पाल म्हणायला भिंतीवर पाल तर हवी.

तिनं प्लग उलटा फिरवून काढला. आट्यांना लागलेला कचरा पुसला. या वेळी पाना घेतलाच नाही. दोरा ओवावा तसा, दोन बोटांत धरून प्लग अलगद फिरवला. आपल्या वाटेनं आत गेला. चार फेरे हातानं, मग शेवटचा पाव फेरा पान्यानं.

ती थांबली. श्वास धरून.

काही नाही. वर टकटक पुन्हा सुरू झाली.

जमलं होतं.

दुसऱ्या दिवशी भंगारवाला आला. सुईताईनं त्याला दारातूनच परत पाठवलं. "गाडी दुरुस्तीला आहे," म्हणाली.

सोमवारी ती शेडमध्ये जाऊन बसली. मंगळवारी बसली. बुधवारी तर तिनं प्लग तीनदा तिरका घातला. पत्रा तापला, कबुतरं चालत राहिली. काही नाही.

रविवारी साडेतीनला तिनं मागचं चाक उघडलं...

आणि टकटक थांबली.

मला हे सांगताना ती म्हणाली, "दादा, त्यांना आयुष्यभर रविवारशिवाय सुट्टी नव्हती रे." मी हसलो. ती हसली नव्हती.

भीती वाटली का, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, पहिल्या दिवशी वाटली. दुसऱ्या रविवारी ती दुपारी दोनपासूनच केस विंचरून बसली होती.

आता सुईताईला यंत्र म्हणजे एकच ठाऊक. शिलाई मशीन. मशीन कुरकुरलं की तेल. मशीन अडलं की तेल. मागच्या चाकातले ब्रेकचे लायनर तिला कोरडे ठणठणीत दिसले. बिचारे किती दिवस तसेच राहिलेत, असं वाटून तिनं आपल्या मशीनच्या तेलाची कुपी काढली आणि प्रेमानं दोन-दोन थेंब...

"च्च."

कुपी हातातच राहिली. तिनं अजून एक थेंब टाकून पाहिला, कमी पडलं असेल म्हणून.

"च्च."

"मग काय, तेल नको?" तिनं विचारलं. उत्तर नाही. उत्तर द्यायची त्यांची पद्धतच नव्हती. तिनं फडक्यानं पुसलं. "च्च." पेट्रोलच्या बोळ्यानं पुसलं. "च्च." शेवटी जुना सँडपेपर घेऊन तेल प्यायलेला थर खरवडून काढला, पुन्हा पेट्रोलनं पुसलं, उन्हात वाळवलं. मग शांत. तेव्हा तिच्या डोक्यात प्रकाश पडला, की ब्रेकला धरून ठेवायचं असतं. निसरड्या हातानं कुणी कुणाला धरतं का?

लेक याच गाडीवर बसणार होती. त्या दिवशी तिच्या अंगावर काटा आला, तो भुतामुळे नव्हता.

एकदा धडा मिळाला, म्हणून क्लचची पाळी आली त्या रविवारी तिनं क्लचच्या नव्या प्लेटी स्वच्छ कोरड्या फडक्यानं पुसल्या. एक खरखरीत, एक गुळगुळीत, एक खरखरीत, एक गुळगुळीत, अशा पापडासारख्या रचल्या.

"च्च."

क्रम बदलला. "च्च." पुन्हा पहिल्यासारखा लावला. "च्च." अर्धा तास हेच. शेवटी वैतागून तिनं एक प्लेट ऑईलच्या वाटीत आपटली...

काही नाही.

"हे बरं आहे तुमचं," ती म्हणाली. "ब्रेकला तेल लावलं तरी बोलता, क्लचला नाही लावलं तरी बोलता. माणसानं वागायचं कसं?"

घरात इतक्या महिन्यांनी भांडण झालं होतं. तिला त्या रात्री चांगली झोप लागली.

चेनचं तसंच. शिवणाऱ्या बाईला दोरा ताणलेलाच हवा. तिनं चेन तारेसारखी ताणली. "च्च." ढिली सोडली, तर झोळीसारखी लोंबली. "च्च." मधोमध दोन बोटं वर-खाली होतील इतकी सैल ठेवली, तेव्हा वरची कबुतरं चालू लागली.

शिवणाचा निळा खडू तिच्याकडे असायचाच. प्रत्येक 'च्च'ला ती दाराच्या मागच्या बाजूला एक रेघ ओढायची. पहिल्या दोन रविवारांच्या मिळून चौदा. मग नऊ. मग अकरा, त्या दिवशी क्लच होता. एखाद्या पोरीला शाळेत शाबासकी मिळावी तशी ती त्या रेघांकडे बघायची.

इतक्या चुका केल्या आणि प्रत्येक चुकीला तो माणूस आला.

घरात तसं होत नव्हतं. दूध उतू गेलं, कुणी नाही. ब्लाऊजची बाही उलटी लागली, कुणी नाही. फक्त शेड, फक्त गाडी, फक्त रविवार.

एका रविवारी लेक आली. सुईताईनं तिला सगळं सांगितलं. लेकीनं आईच्या कपाळाला हात लावून पाहिला. मग नाडी पाहिली. मग शेडमध्ये स्टुलावर येऊन बसली.

"दे इकडे पाना."

तिनं प्लग काढला आणि तिरका घातला. अगदी भोळेपणानं, तिला खरंच येत नव्हतं. सुईताईनं ऐकलं. "च्च." तिनं लेकीकडे पाहिलं. लेक पाना ओढत होती.

"आलं का?" लेकीनं विचारलं.

"आत्ताच आलं की. एवढं मोठ्यानं."

लेकीनं पाना ठेवला. भिंतीकडे पाहिलं, शर्टाकडे पाहिलं. एक वायसर तिच्या हातून इंजिनाच्या पोटात पडला, तो काढायला तासभर गेला. त्या तासात सुईताईनं चारदा ऐकलं. लेकीनं एकदाही नाही.

निघताना ती दारात थांबली.

"आई, मी एवढ्या चुका केल्या. मला का नाही?"

"येईल गं. वेळ लागतो."

"तुला लागला नाही."

लेक बस पकडायला गेली. पाठमोरी, मान खाली घालून, लहानपणी निकाल घेऊन यायची तशी.

त्यानंतर रेघा कमी होऊ लागल्या.

सहा. चार. एक.

त्याचं कारण सरळ होतं. सुईताई शिकली होती. तिचे हातच तसे, एकदा कळलेलं विसरत नाहीत. चेनच्या कुलपाची क्लिप कुठल्या तोंडानं बसवायची, पॅकिंग लावायच्या आधी जुनं किती खरवडायचं, ऑईलचा खालचा बोल्ट किती आवळला की आटे जातात, सगळं बोटांत जाऊन बसलं होतं. गाडी भराभर उभी राहत होती. आणि गाडी जेवढी उभी राहत होती, तेवढे मास्तर...

एका रविवारी तिनं साडेतीन ते सहा काम केलं. हेडलाईटची वायर जोडली, टाकी चढवली, सीट बसवली.

एकही रेघ नाही.

ती बसून राहिली. मग तिनं चेनच्या कुलपाची क्लिप काढली. हातात धरून बघितली. आणि मुद्दाम उलटी बसवली.

वर टकटक चालू.

तिनं प्लग तिरका घातला. ब्रेकच्या लायनरवर तेलाची कुपी धरली.

टकटक. टकटक.

"अहो," ती म्हणाली. "बघा ना. चुकतेय मी."

शेडला एक लहान खिडकी आहे. ती सांगते, त्या वेळी तिला पक्कं जाणवलं, की डाव्या खांद्यामागे कुणीतरी उभं आहे आणि त्याचं तोंड त्या खिडकीकडे आहे. मुद्दाम चुकणाऱ्या पोराच्या वेळी वळायचं तसं.

तिनं सगळं पुन्हा नीट लावलं. रडत रडत लावलं. तरीही चुकलं नाही.

शेवटचा 'च्च' कुठला होता, ते तिनं आठवून पाहिलं. मागच्या रविवारी, डावीकडच्या आरशाचा नट. किरकोळ. तिनं तेव्हा नीट ऐकलंही नव्हतं. रेघ ओढली आणि पुढच्या कामाला लागली. हा शेवटचा आहे, असं कुणी सांगितलं असतं तर...

पण तसं कुणी सांगत नाही.

लेक गाडी न्यायला आली तो रविवारच होता. सोमवारी तिला हजर व्हायचं होतं. दुपारी सुईताईनं गाडी विटांवरून उतरवली. किक मारली. एक, दोन, तीन. चौथ्या किकला इंजिन खोकलं, धूर सोडला आणि सुरू झालं. आवाज असा गोल, की नाक्यावरचा गॅरेजवाला येऊन दारात उभा राहिला.

"कुणाकडून केली, काकू?"

"घरीच केली."

त्यानं गाडीभोवती दोन चकरा मारल्या, उकिडवा बसून चेन हलवून पाहिली, दोन बोटं. उठला. "मास्तरांना हे कधी जमलं नसतं," म्हणाला आणि जीभ चावून निघून गेला.

सुईताईनं इंजिन बंद केलं. शेडमध्ये दोघीच राहिल्या. साडेतीन वाजून गेले होते. लेकीनं सीटवर हात ठेवला होता, पण ती बसत नव्हती.

"आई, मला बाबा का ऐकू येत नाहीत, मला माहीत आहे."

"अगं, ज्याचा त्याचा कान..."

"ऐक ना. त्या रविवारी त्यांचा फोन आला होता. जेवायच्या आधी."

"दर रविवारी करायचे."

"क्लचचा नट निघेना, म्हणाले. दोन तास ओढतोय. डावा हात भरून आलाय, खांद्यापासून. घाम फुटलाय." लेक सीटवरची न दिसणारी धूळ पुसत होती. "मी वॉर्डात होते. हसले मी, आई. म्हटलं, बाबा, नट सुटला की हात पण सुटेल. जेवा आणि जरा पडा."

जरा पडतो. साडेतीनला उठव.

सुईताईनं गाडीचं हँडल धरलं.

"मी नर्स आहे," लेक म्हणाली. "दुसऱ्या कुणी हे सांगितलं असतं, तर मी त्याला चालूसुद्धा दिलं नसतं. उचलून आणलं असतं. बाबांना मी झोपायला सांगितलं."

वर पत्र्यावर...

कबुतरं थांबली.

सगळी. एकदम.

सुईताईच्या मानेवरचा केस न केस उभा राहिला. ते आले होते. इतके रविवार ती ज्याची वाट पाहत होती, ते आले होते. डाव्या खांद्यामागे. आता तिला ते नको होते. आत्ता नाही. या वाक्यावर नाही.

"बाबा माझ्यामुळे गेले," लेक म्हणाली.

"तुझी काही चूक नाही, बाळा." सुईताईच्या तोंडून निघून गेलं. दोन्ही वाक्यं एकमेकींवर पडली.

आणि...

"च्च."

बारीक. स्वच्छ. कानाशी.

सुईताईची मान अर्धी वळली आणि तिथेच थांबली.

"काय झालं?" लेक तिच्याकडे बघत होती. "आई. काय ऐकलंस?"

"काही नाही."

"मान का वळवलीस मग?"

"लचक भरलीये. तीन महिने वाकून काम करतेय."

"आत्ता त्यांनी काही केलं नाही?"

"नाही."

"तू म्हणालीस माझी चूक नाही, आणि ते गप्प राहिले?"

सुईताईनं आयुष्यात कापड कापताना कधी हात थरथरू दिला नव्हता.

"गप्प राहिले," ती म्हणाली.

लेकीचे खांदे खाली आले. तूच सांगितलं होतंस ना, ती म्हणत होती, बरोबर असलं की ते गप्प राहतात. म्हणजे तू बरोबर बोललीस. म्हणजे त्यांनी ऐकलं आणि गप्प राहिले. ती सीटवर डोकं टेकून रडली, सात महिन्यांचं सगळं एकदम. सुईताई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. वर टकटक केव्हा सुरू झाली, तिला कळलं नाही.

सोमवारी पहाटे लेक गाडी घेऊन गेली. गाडीनं कधी त्रास दिला नाही. अजून देत नाही. डोंगराकडच्या त्या दवाखान्यात तिचं नाव आहे. छातीत किंवा हातात दुखतंय म्हणून कुणी निरोप पाठवला, तर ती ताटावरून उठून जाते. फोनवर हसते, जेवते, झोपते. सुईताई म्हणते, पोर सुटली.

सुईताई सुटली नाही.

तिनं मला हे त्या रिकाम्या शेडमध्ये बसून सांगितलं. जमिनीवर विटा होत्या, ऑईलचा डाग होता, खिळ्याला शर्ट होता. ती स्टुलावर, मी दारात.

"दादा, तो च्च कुणाला होता?" तिनं मला विचारलं. "पोरीला होता, म्हणजे तुझ्यामुळे नाही गेलो, तू चुकतेस, असं असेल. तर मी तिच्यापासून उगाच लपवलं. तिच्या बापानं तिला सांगितलेलं शेवटचं... मी खाऊन टाकलं."

"तसंच असणार," मी म्हणालो.

"की मला होता? मी म्हटलं तिची चूक नाही. मी मनापासून म्हटलं होतं, दादा. मुद्दाम चुकीचं बोललं तर ते तोंड फिरवतात. मनापासून चुकलं तरच..."

ती खिळ्यावरच्या शर्टाचं ठिगळ चाचपू लागली.

मग ती म्हणाली, की आता ती दर रविवारी साडेतीनला इथे बसते आणि दोन्ही वाक्यं म्हणून बघते. आधी एक, थांबून दुसरं. पोरीची चूक होती. पोरीची चूक नव्हती. काही येत नाही. तिला आता खरं काय ते माहीत नाही, आणि माहीत नसताना म्हटलेलं म्हणजे नुसती परीक्षा घेणं. ते त्यांना चालत नसावं.

"म्हणून तुला बोलावलं," ती म्हणाली.

"मला कशाला?"

"तुझं काहीतरी मत असेल ना. ऐकता ऐकता झालंच असेल. आत ये, इथे बस आणि ते एकदा मोठ्यानं म्हण. मनापासून. चुकलास तर ते सांगतील. मी ऐकेन."

तिनं स्टुलावरून उठून मला जागा करून दिली. पदरानं स्टूल पुसलं. साडेतीन व्हायला दोनएक मिनिटं होती.

मी म्हटलं, सुये, मला एका ठिकाणी जायचंय, उशीर होतोय. ती म्हणाली, एक वाक्य रे, दादा. मी चपला घालत होतो.

मला कुठेही जायचं नव्हतं.

मत म्हणाल तर माझं झालेलं होतं. तेव्हाच झालं होतं, तिची गोष्ट संपायच्या आधी. ते काय आहे, हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. इथेही लिहिलेलं नाही. घरात एकटा असलो, तरी मोठ्यानं म्हणत नाही.

रविवारी दुपारी तर मी तोंडच उघडत नाही.